खंडेनवमीचा दाब

आमची आई सोमाटण्यात सगळ्यांना सांगते की सृष्टी हिऱ्यांत काम करते. खोटं नाही ते, पण ऐकणाऱ्याला वाटतं पोरगी सराफाच्या पेढीवर बसते. मग कुणीतरी आपल्या पोरीच्या लग्नातल्या अंगठीचा विषय काढतं, आणि सृष्टी घरी आली की आईवर डाफरते. मी मध्ये पडत नाही. मी लोणावळ्यात पर्यटकांची गाडी चालवतो. दिवसभर माणसं टायगर पॉइंटला न्यायची, आणि धुक्यात काही दिसलं नाही म्हणून माझ्यावरच रुसलेली तीच माणसं परत हॉटेलवर सोडायची. घरी आल्यावर मला शांतता लागते.

तर हिरे. सृष्टी माझी धाकटी बहीण. वडगावच्या पुढं एका संशोधन संस्थेत पीएचडी करते. तिच्याकडे मुठीत मावेल अशी धातूची डबी आहे. तिकडं तिला सेल म्हणतात, आमच्या घरात डबीच. डबीत दोन हिरे टोकाला टोक लावून बसवलेले असतात. त्या टोकांच्या मध्ये खसखशीच्या दाण्याहून बारीक असा एका पदार्थाचा कण ठेवायचा, वीज मोजायला त्याला केसासारख्या चार तारा लावायच्या आणि डबीचे चार बोल्ट थोडे थोडे आवळत जायचं. टोकं इतकी बारीक की नुसत्या हातानं आवळलं तरी आत दाब तयार होतो तो जमिनीच्या पोटात शेकडो किलोमीटर खाली असतो तेवढा. मला हे अजून पूर्ण पटलेलं नाही, पण तिच्यासमोर मी मान डोलावतो.

पदार्थ म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीवर चकचकीत थर असायचा ना, त्या जातीतला. हा प्रकार मला कळावा म्हणून तिनं माझ्या धंद्याच्या गावातलंच उदाहरण घेतलं.

"चिक्कीचा पाक बघितलायस ना, दादा? ओट्यावर ओतून पटकन गार केला की काचेसारखा कडक होतो. तोच सावकाश घोटत बसलं की साखर धरतो, दाणेदार होतो. वस्तू तीच, आतली मांडणी वेगळी. माझा पदार्थ तापवून गार केला की असाच इकडून तिकडं जातो. सीडीवर लिहितात म्हणजे एवढंच करतात, कुठं काच, कुठं दाणे."

"मग तू त्याला दाबतेस कशाला?"

"दाबला की तो तिसरंच काहीतरी होतो. दाबून भयंकर थंड केला की त्यातून वीज जाताना काहीच अडत नाही. विरोध शून्य."

सोमाटण्याच्या माणसाला न अडता जाणं समजावणं सोपं नाही, आमचं अर्धं आयुष्य टोलनाक्याच्या रांगेत गेलंय. पण टोलनाका नसलेला हायवे, एवढं मी डोक्यात ठेवलं. या जातीचे काही पदार्थ जगात लोकांनी आधीच दाबून पाहिले होते. हिच्या मिश्रणाला मात्र अजून कुणी हात लावला नव्हता. परदेशातला एक गट त्याच मागे आहे असं तिच्या पीएचडीच्या मॅडमच्या कानावर आलं होतं, त्यामुळे हिची जेवणखाणाची शुद्ध हरपली होती. तिच्या पीएचडीचा सगळा डोलारा त्या एका शून्यावर उभा राहणार होता.

डबी आबांनी केलेली. आबा म्हणजे आमचे वडील, हौशीराम. सोमाटणे फाट्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं लेथ मशीन होतं. सृष्टीनं डबीचा नकाशा आणून दिला तेव्हा आधी त्यांनी तिला वेड्यात काढलं, मग दोन डब्या बिघडवल्या, आणि तिसरी केली ती मॅडमनी ठेवून घेतली. तिचे दोन बोल्ट सुलट आट्यांचे आणि दोन उलट आट्यांचे आहेत. आवळताना चौघांनी एकाच बाजूला पीळ दिला तर हिरे एकमेकांवर फिरतील, म्हणून ही योजना. माझ्यासारख्यानं किल्ली लावून चारही एकाच बाजूला फिरवले तर दोन आवळले जातील आणि दोन सुटतील. आबा चार वर्षं भेटेल त्याला हे उलट आट्यांचं सांगत होते. बसस्टॉपवरच्या अनोळखी माणसांनाही.

गेल्या उन्हाळ्यात आबांचा उजवा हात गेला. सकाळी चहाचा कप उचलायला गेले आणि कप जागचा हललाच नाही. लकवा. बोलणं शाबूत राहिलं, चालणं हळूहळू आलं, हात तेवढा मागे राहिला. तळेगावहून कोमल नावाची फिजिओथेरपिस्ट यायची. तिनं रबरी चेंडू दिला आणि बजावून सांगितलं, "काका, हातात जीव येतोय. तुम्ही वापरत नाही म्हणून तो झोपून राहिलाय." आबांनी चेंडू शेजारच्या कुत्र्याला दिला. कुत्र्यानं तो मनापासून दाबला. कोमल पुन्हा आली तेव्हा आबा तिला म्हणाले, "मेलाय त्यो. मेलेल्याला कशाला उठवती?" त्या दिवसापासून हात सदऱ्याच्या खिशात. जेवण डाव्या हातानं, सही डाव्या हातानं. श्रावणात त्यांनी लेथ विकलं. चाकणचा माणूस टेम्पो घेऊन आला, आबा शेडच्या दारात उभे राहून टेम्पोला मागे-पुढे करायला सांगत होते, आणि टेम्पो गेल्यावर त्यांनी रिकाम्या शेडला कुलूप लावलं. त्यावर घरात कुणी काही बोललं नाही. आमच्या घरात हीच पद्धत आहे, आणि मला ती मुळीच आवडत नाही.

खंडेनवमी जवळ आली तशी आबांची चिडचिड वाढली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात. आबांचा नेम असा की आधी प्रत्येक वस्तू घासायची, पुसायची, कुठं खिळखिळी असेल तर आवळून ठाकठीक करायची, मग पाटावर मांडायची. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी, दसऱ्यालाच उचलायची.

"सृष्टे, औंदा पाटावर काय मांडू?" एका संध्याकाळी त्यांनी विचारलं. "इळा आन खुरपं? म्या काय शेती करतो व्हय?"

"दादाची गाडी आहे की, आबा."

"गाडी त्याचं हत्यार. माजं कुटं हाय?" मग म्हणाले, "ती डबी आन की एक दिस. म्याच केलीया ती."

दरवर्षी ते हे मागायचे आणि दरवर्षी सृष्टी उडवून लावायची. या वर्षी तिला नाही म्हणता आलं नाही.

आणि नेमकी ती डबी त्या आठवड्यात रिकामी नव्हती. चार दिवसांपूर्वीच तिनं मला फोन केला होता, मी पर्यटकांना घेऊन भुशी धरणाच्या रांगेत अडकलो होतो. "दादा, शून्य आलं," एवढंच म्हणाली आणि फोनवरच रडायला लागली. मागच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, काही वाईट बातमी आहे का. मी म्हटलं, नाही, बहिणीचा टोलनाका उठला.

पण तिच्या इफ्फत मॅडम म्हणजे सहजासहजी पेढे खाणाऱ्यातल्या नव्हेत. डबीत पदार्थाशेजारी माणकाचा एक कण असतो. त्यावर हिरव्या लेझरचा उजेड टाकला की तो लाल चमकतो, आणि दाब जसा वाढेल तशी ती लाली सरकते. त्यावरून आतला दाब मोजायचा. थंड करण्याआधी एकदा आणि पुन्हा गरम झाल्यावर एकदा, कारण थंडीत दाब कधीकधी घसरतो किंवा चढतो. दोन्ही आकडे जुळले तरच शून्य कोणत्या दाबाला आलं ते सांगता येतं. "दुसरा आकडा येईपर्यंत तुझं शून्य ही नुसती अफवा आहे," असं मॅडम म्हणाल्या होत्या. आधीचा आकडा सृष्टीकडे होता. नंतरचा राहिला होता, आणि लेझरची खोली सुट्टीमुळे दसऱ्यानंतरच उघडणार होती.

तोवर डबी कपाटात राहिली काय आणि आमच्या पाटावर राहिली काय, आतला दाब बोल्टांनी धरून ठेवलेला. सृष्टीनं असा हिशेब केला आणि ती डबी तिच्या किल्लीसकट रुमालात गुंडाळून घरी आणली. आल्या आल्या आबांना समोर बसवून अटी सांगितल्या. हळद-कुंकू लावायचं नाही, कुंकवातला रंग लेझरखाली चमकतो आणि माणकाची लाली दिसत नाही. पाणी नको. तेल नको. चिंच लावून घासायची नाही. फक्त एक फूल ठेवायचं. आबा प्रत्येक अटीला "व्हय, व्हय" म्हणत गेले. ते इतके शहाण्यासारखे वागतायत म्हटल्यावर मला शंका यायला हवी होती. बोल्टांबद्दल सृष्टी काही बोलली नाही. ते कुणाच्या डोक्यात येणार?

नवमीच्या सकाळी ती आणि आई झेंडू आणायला वडगावच्या बाजारात गेल्या. मी लोणावळ्याला एक भाडं सोडून दुपारी आलो. तोपर्यंत सगळी पूजा मांडून झाली होती. विळा, खुरपं, आबांनी न विकता ठेवलेले पान्हे, आईच्या शिलाई मशीनची कात्री, आणि मधोमध डबी. डबीवर एकच फूल. आबांनी डाव्या हातानं उदबत्ती ओवाळली आणि बऱ्याच दिवसांनी आमच्याकडे बघून हसले. सृष्टीनं माझ्याकडे पाहिलं. बघितलंस, आणली ते बरं केलं, असा तिचा चेहरा होता. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला गाडीतून संस्थेत सोडलं. कामशेतला माझं भाडं होतं, पण ती म्हणाली, "थांब जरा, मॅडमना पेढे देऊ आणि मग जा." म्हणून मी प्रयोगशाळेच्या दाराशी पेढ्यांचा पुडा घेऊन उभा राहिलो. इफ्फत मॅडमनी मला आत बोलावलं, बसायला खुर्ची दिली. सृष्टीनं डबी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

"काय गं?" मॅडम म्हणाल्या.

ती बाजूला झाली. मॅडमनी पाहिलं, मग मलाही पाहायला सांगितलं, का ते त्यांनाच ठाऊक. गोल उजेड होता आणि त्यात आरपार गेलेली एक रेघ. गाडीच्या काचेला खडा लागला की अशीच रेघ जाते.

"हिरा गेला," मॅडम म्हणाल्या. "माणिक कुठंय?"

"दिसत नाही, मॅडम. तारा पण तुटल्यात."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "म्हणजे दुसरा आकडा आता कधीच मिळणार नाही."

"पण आधीचा तर पक्का आहे. शून्यही तुम्ही स्वतः बघितलंत. तेवढ्यावर आपण—"

"दुसऱ्या कुणी एवढ्यावर पेपर पाठवला असता, आणि तो तपासायला तुझ्याकडे आला असता, तर तू काय लिहिलं असतंस?"

पुन्हा मोजायचं तर थंड करायच्या यंत्रावर आता दुसऱ्यांची पाळी होती, ती संक्रांतीच्या पुढे जाणार होती. नवा हिरा, नवा कण, त्याला चार नव्या तारा, हे सगळं आलंच. तोवर ते परदेशातले लोक छापून मोकळे झाले असते. मॅडमनी हे काहीच बोलून दाखवलं नाही. फक्त विचारलं, "सेल पडला होता का? कुणी हात लावला?"

सृष्टीनं डबी हातात घेऊन फिरवली. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर ती मार्करनं बारीक खूण करून ठेवते. चारही खुणा सरकल्या होत्या. दोन इकडे, दोन तिकडे. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मी नाही," मी म्हटलं.

"माहितीय. तू असतास तर दोन सुटले असते."

पेढ्यांचा पुडा मी तसाच परत गाडीत ठेवला. कामशेतच्या माणसाला फोन करून सांगितलं की गाडी पंक्चर आहे. सृष्टी सगळ्या रस्ताभर पुढच्या काचेशी बोलत होती. काय काय सांगितलं होतं, कुंकू नको सांगितलं, तेल नको सांगितलं, चिंचसुद्धा सांगितली. घरी येऊन ती आबांना जे ऐकवणार होती त्याची ही तालीम होती, आणि मी तिला थांबवलं नाही. माझंही डोकं फिरलं होतं. या माणसाला एक वस्तू जशी आहे तशी ठेवता येत नाही.

आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. सृष्टीनं डबी त्यांच्यासमोर धरली.

"आबा, हे बोल्ट कुणी आवळले?"

"म्याच." त्यांना वाटलं कौतुक होतंय. "ढिलं व्हतं वाईच. पूजेला ढिलं हत्यार ठिवत न्हाईत. चारी बोल्ट सारखं आवळलं. शेवटाला टक् करून वाजलं, म्हनलं, आता बसला बराबर."

"तो हिरा होता, आबा. तो टक् म्हणजे हिरा फुटला."

मग ती जे बोलली ते सगळं इथं लिहीत नाही. चार वर्षं, शून्य, संक्रांत, परदेशातले लोक, सगळं निघालं, आणि शेवटी "तुम्हाला पुजायला काही नव्हतं म्हणून मी माझं आणून दिलं" हेही निघालं. आबा खाली बघत ऐकत राहिले. म्हाताऱ्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर पडताना बघणं वाईट. मला दोघांचाही राग आला होता आणि दोघांचीही दया येत होती.

"हिरा बी फुटतो व्हय?" एवढंच ते हळू आवाजात म्हणाले.

आई आतून आली. हातात निवडायची मेथी होती. ती बराच वेळ दारातून ऐकत असणार. तिनं सृष्टीकडे पाहिलंच नाही.

"आवो," ती म्हणाली, "कुठल्या हातानं आवळलं?"

"कुठल्या म्हंजी? डाव्यात डबी धरली आन—"

आबा थांबले.

ती किल्ली मी एकदा हातात धरून पाहिली आहे. करंगळीएवढी लांब. सृष्टीनं आवळत आणलेला बोल्ट आणखी थोडा फिरवायचा तर चांगली मूठ लागते. आबांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्यांनी खिशातून उजवा हात बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्याच्याकडे बघत बसले.

"त्या टायमाला ध्यानातच आलं न्हाई," ते म्हणाले. "कामाच्या नादात व्हतो."

शेजारचं कुत्रं भुंकत होतं. मला रडू आलं, म्हणून मी उगाच गाडीला कुलूप लावलंय का ते बघून आलो.

परत आलो तेव्हा सृष्टी पायरीवर बसली होती. डोळे लाल, नाक पुसून पुसून तेही लाल. तिनं आईकडून स्टीलचं ताट मागून घेतलं, ओट्यावर ठेवलं, त्यात पांढरा रुमाल पसरला.

"एक हिरा शाबूत असेल," ती म्हणाली. "तो काढायचाय. सांडला तर सापडणार नाही." आणि तिनं किल्ली आबांपुढं धरली. "तुम्हीच सोडा."

"न्हाई जमायचं."

"फोडताना जमलं की."

आबांनी किल्ली घेतली. पहिल्यांदा ती बोटांतून निसटून ताटात वाजली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा बोटं एकेक करून तिच्याभोवती वळली, अगदी सावकाश, करंगळी सगळ्यात शेवटी. सृष्टीनं डबी दोन्ही हातांनी ताटावर घट्ट धरली. आबांचा डावा हात मदतीला पुढं आला तसा तिनं तो कोपरानं बाजूला सारला.

"डावा नको."

किल्ली खाचेत बसली. आबांनी ओठ आत घेतले, खांद्यापासून जोर लावला, आणि बोल्ट किंचित फिरला. तो उलट आट्यांचा होता. त्यांनी बरोबर दिशेनं फिरवला होता.

"माझा राग गेलेला नाही," सृष्टी मान वर न करता म्हणाली.

"नगं जाऊ दिऊ," आबा म्हणाले. "पर हात बघ."

ती बघत होती. डबी तिनं आणखी घट्ट धरली, आणि आबांनी किल्ली पुढच्या बोल्टला लावली.